माश्यांच्या मोसमातला मूस

गेल्या अंकात कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ॲल्गॉन्क्विन उद्यानाच्या रस्त्याकडेला काढलेला एका मूस-मादीचा फोटो छापला होता. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला भला थोरला प्राणी. खाली मी एवढंच लिहिलं होतं की, तिच्याभोवतीच्या माश्या दिसताहेत, माझ्याभोवतीच्या दिसत नाहीत. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचा सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. ठाणे-नवी मुंबईतली निम्मी बिऱ्हाडं उन्हाळ्यात लेकी-मुलांकडे टोरांटोला असतात की काय, अशी मला शंका येऊ लागली आहे.

ताई, मुलगी टोरांटोला असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. ह्यांना एकदा तरी जंगलातला मूस बघायचा आहे आणि जमलं तर फोटो काढायचा आहे. मुलगी म्हणते, जूनमध्ये तिकडे माश्या फोडून खातात, सप्टेंबरात या. तिकिटं तर काढून बसलोय. काय करावं?
— एक वाचक, ऐरोली

तिकिटं बदलू नका. मुलीचं माश्यांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण सप्टेंबरचा सल्ला तुमच्या कामाचा नाही. पसरट शिंगांचा भला थोरला नर हवा असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा त्यांचा माजाचा काळ उत्तम. पण तेव्हा तो जंगलात आत असतो, त्याच्या मागे पायपीट करावी लागते. तुम्हाला मूस बघायचा आहे, तोही शक्यतो गाडीतून, भरपूर उजेडात. त्यासाठी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतच्या दिवसांना तोड नाही.

कारण मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिथल्या हायवे ६० वर मीठ टाकतात. वसंतात ते वाहत जाऊन रस्त्याकडेच्या चरांत साठतं. मूसने अख्खा हिवाळा काटक्या आणि डहाळ्या चघळून काढलेला असतो आणि अंगात सोडियमची टंचाई झालेली असते. मग हा एरवी लाजाळू, एकटा राहणारा प्राणी दिवसाढवळ्या रस्त्याला येतो आणि चरातलं गढूळ पाणी भुरके मारत पितो. पुढे तळ्यांतल्या पाणवनस्पती वाढल्या की तो तिकडे वळतो, कारण जमिनीवरच्या पाल्यापेक्षा त्यांत सोडियम कितीतरी जास्त असतं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की, मूस रस्त्यावर येण्याचे दिवस आणि माश्या उठण्याचे दिवस एकच आहेत. त्यातून पळवाट नाही. मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ब्लॅकफ्लाय, मेअखेरीस तिला येऊन मिळणारे डास, आणि जून सरताना सुरू होणारी, डोक्याभोवती घिरट्या घालून चावणारी डीअरफ्लाय. तुमच्या वाट्याला पहिल्या दोन येतील. तिसरी टळेल, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

ब्लॅकफ्लायची ओळख करून देते, कारण आपल्याकडचे लोक तिला चिलट समजतात आणि फसतात. दोन-चार मिलिमीटरची, पाठीला पोक आलेली काळी माशी. वाहत्या पाण्यात वाढते, त्यामुळे ओढ्यांच्या त्या मुलखात तिला काही कमी नाही. डास सोंड खुपसतो, ही मात्र कातडी कापते आणि वर आलेलं रक्त पिते. रक्त गोठू नये याची सोय तिच्या लाळेत असते. त्यामुळे चावताना बऱ्याचदा समजतच नाही. कानामागे काहीतरी ओघळल्यासारखं वाटतं, हात लावावा तर बोट लाल. सूज दुसऱ्या दिवशी येते. तिला केसांची कड, कानाची पाळ आणि कॉलरच्या आतला भाग फार आवडतो.

पण तिच्याही काही खोडी आहेत आणि त्या आपल्या फायद्याच्या आहेत. ती रात्री चावत नाही. वारा सुटला की तिला धड उडता येत नाही. पारा १० अंशांच्या खाली असेल तर ती सुस्त असते. आणि चुकून गाडीत शिरलीच, तर चावायचं सोडून काचेवर चढत बसते. म्हणजे तुमचं वेळापत्रक आपोआप ठरलं. सूर्योदय साधारण साडेपाचला होतो, तेव्हा गाडी हायवेवर हवी. जूनमधली तिथली पहाट बऱ्याचदा चांगलीच गार असते, मूस बाहेर असतो, उजेड कोवळा असतो आणि माश्या अजून उठलेल्या नसतात. नऊ-साडेनऊला परत फिरा आणि नाश्ता करा. दुपारचा, ढगाळ, कोंदट, वारा पडलेला वेळ मात्र निव्वळ त्यांचा.

ॲल्गॉन्क्विन टोरांटोहून तीनेक तासांवर आहे, म्हणून पहाटेसाठी आदल्या रात्री जवळपासच मुक्काम करावा लागेल. १८९३ मध्ये राखीव झालेलं हे उद्यान ७,६०० चौरस किलोमीटरहून मोठं, म्हणजे आपल्या आताच्या ठाणे जिल्ह्याच्या पावणेदोनपटीच्या आसपास आहे. पण तुम्हाला फक्त हायवे ६० चा, उद्यानातून जाणारा ५६ किलोमीटरचा पट्टा पुरे. किलोमीटर पश्चिम गेटपासून मोजतात. ४६व्या किलोमीटरजवळ ओपिओंगो तळ्याकडे जाणारा फाटा आहे, त्या रस्त्यालगतच्या दलदलीवर सावकाश नजर फिरवत जा. गाडीचा दिवसाचा परवाना जावयाला आधीच ऑनलाइन काढायला सांगा, शनिवार-रविवारचे संपतात.

आणि एक. जूनमधला मूस देखणा नसतो. जुनी लोकर गळत असते, गोचिडांमुळे खांद्या-मानेवर चट्टे पडलेले असतात, नराची शिंगं मखमली सालीखाली नुकती वाढत असतात. ह्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर म्हणतील, कॅलेंडरवरचा वेगळा होता.

ओडोमॉस चालेल का? मुलगा म्हणतो डीट लावा, पण डीटने कॅमेरा वितळतो असं ऐकलं. खरं-खोटं काय?
— एक निवृत्त शिक्षक, नौपाडा

सर, वितळतो हा शब्द जरा जास्त झाला, पण ऐकलंत ते खोटं नाही. डीट अमेरिकी लष्करासाठी १९४०च्या दशकात तयार झालं आणि आजही डास-माश्यांवर भरवशाचं आहे. पण ते प्लास्टिक मऊ करणारं द्रावक आहे. लेन्सची रबरी पकड चिकट होते, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बोटाचा ठसा कायमचा उमटतो, चष्म्याच्या काचेवरचा थर जातो, घड्याळाची प्लास्टिकची काच धुरकटते. सुती कापड, लोकर आणि नायलॉनला ते काही करत नाही. रेयॉन आणि ताणल्या जाणाऱ्या स्पँडेक्सला करतं.

म्हणून कॅमेरेवाल्यांनी इकॅरिडिन घ्यावं, याच औषधाला पिकॅरिडिनही म्हणतात. २० टक्क्यांचं मिळतं, डासांना सहा-सात तास रोखतं, वास जवळजवळ नाही आणि प्लास्टिकला धक्का लावत नाही. तिथे पोहोचल्यावर कुठल्याही मोठ्या औषधाच्या दुकानात घ्या. विमानात बाटल्या नेण्याचा घोळ कशाला?

डीटच घ्यायचं असेल तर टक्केवारीच्या मागे लागू नका. जास्त टक्के म्हणजे जास्त जोर असा हिशेब नाही, फक्त परिणाम जास्त वेळ टिकतो. १० टक्के साधारण तीन तास, ३० टक्के साधारण सहा. कॅनडात मोठ्यांसाठीही ३० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तेवढं पुष्कळ झालं. लावताना हाताच्या पालथ्या बाजूने चेहऱ्याला आणि मानेला लावा, तळवा आणि बोटं कोरडी ठेवा, म्हणजे कॅमेरा वाचतो. एरवी मी खिशात साबणाच्या ओल्या कापडाची एक पुडी ठेवते. उन्हाचं क्रीम लावणार असाल तर ते आधी, औषध नंतर.

ओडोमॉस उपवनच्या तळ्याकाठी संध्याकाळी बसायला मी स्वतः वापरते. ते डासांसाठी बनलेलं आहे. ब्लॅकफ्लायच्या मुलखात मी त्याच्या जिवावर उभी राहणार नाही. सिट्रोनेलाची कडी, मनगटातले पट्टे, आवाज काढून डास पळवणारी मोबाइलची ॲप हे सगळं दुकानदाराच्या संसाराला हातभार म्हणून घ्यायला माझी हरकत नाही.

खरी मदत कपड्यांची होते, औषधाची त्याच्यानंतर. फिकट रंगाचा, घट्ट विणीचा, सैल शर्ट घाला. टी-शर्टातून डास आरपार चावतो. पँट मोज्यांत खोचा, लोक हसले तर हसू द्या. निळी जीन्स नको, ब्लॅकफ्लायना गडद रंग आवडतात आणि त्यातही निळा. बाहीच्या टोकाशी रबर लावा, कारण मनगटावरून त्या चालत आत जातात. सुवासिक तेल आणि अत्तर त्या दिवसापुरतं घरी ठेवा.

डोक्याला जाळी घातली की व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसत नाही. काढली की माश्या डोळ्यांत जातात. तुम्ही कसं करता?
— एक वाचक, खारघर

हा या गठ्ठ्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, कारण हे कोणी सांगत नाही.

जाळी काळी घ्या. अंगात फिकट कपडे आणि डोळ्यांपुढे काळी जाळी, हे विसंगत वाटेल. पण पांढऱ्या जाळीवर ऊन पडलं की ती चमकते आणि पलीकडचं दिसत नाही, काळीतून नजर आरपार जाते. खाली पुढे झाप असलेली टोपी घाला, म्हणजे जाळी नाकाला आणि कानांना टेकत नाही. टेकली तर त्या बाहेरूनच चावतात. जाळीचं खालचं टोक शर्टाच्या कॉलरमध्ये खोचा.

आता व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची कॅमेऱ्याची खिडकी. टोपीची झाप किंचित बाजूला फिरवा आणि कॅमेऱ्याचा रबरी डोळा जाळीवर दाबून धरा. जाळी डोळ्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या रेघा पुसट होऊन नाहीशा होतात. उजेड थोडा कमी होतो, पण चौकट आणि प्राण्याचा डोळा स्वच्छ दिसतो. कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला, व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा पडदा असलेला) असेल आणि जाळी पुढे आली की पडदा बंद-चालू होत असेल, तर मेनूत जाऊन व्ह्यूफाइंडर कायम चालू ठेवा. हे घरी सोफ्यावर बसून करून बघा. चरात मूस उभा असताना मेनू शोधायचा नाही.

हातांना पातळ सुती मोजे, उजव्या तर्जनीचं आणि अंगठ्याचं टोक कापलेले. लेन्स तिथे बदलू नका. कॅमेऱ्याचं तोंड उघडं राहिलं आणि एक डास आत गेला की पुढचा सगळा दिवस प्रत्येक फोटोत तोच. मी १००-४०० मिलिमीटरची एकच लेन्स लावून जाते. मूस मोठा असतो, ६०० मिलिमीटरची गरज पक्ष्यांना, त्याला नाही. लेन्सचा हुड कायम लावा. फोटोत जो करडा, पुसट डाग येतो आणि ज्याला लोक धूळ म्हणतात, तो बऱ्याचदा लेन्ससमोरून गेलेली माशी असतो.

हे सगळं मी इतकं लांबवून सांगते त्यामागे एक कारण आहे. मूसची नजर अधू असते, पण कान आणि नाक फार तिखट. तुम्ही हात झटकलात, मानेवर चापट मारलीत, की तो मान वर करतो आणि फोटो गेला. माश्यांचा बंदोबस्त खाज येऊ नये म्हणून करायचाच, पण मुख्य म्हणजे दहा मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहता यावं म्हणून करायचा. मूस तळ्यात उभा राहून डोकं पाण्याखाली घालतो, कानांसकट. तेवढ्या वेळात काय ती हालचाल करून घ्या. पाय बदला, फ्रेम बदला, नाक खाजवा. पाण्याचा आवाज आला की थांबा. डोकं वर येतं, तोंडातून कमळाचे देठ लोंबत असतात, नाकपुड्यांतून पाणी निथळत असतं, आणि कानांभोवती माश्यांचा ढग पुन्हा जमायला दोन-तीन सेकंद लागतात. तो फोटो घ्या.

माझे प्राण्यांचे फोटो नेहमी काळा गठ्ठा येतात, डोळे दिसत नाहीत. पुढच्या वर्षी शिकायला ओंटारिओला जाणार आहे. इथे सराव कशावर करू? येऊरला सांबर मिळेल का?
— एक विद्यार्थिनी, घोडबंदर रोड

सांबर सोड, म्हशीवर कर.

थट्टा नाही. संजय गांधी उद्यानात सांबर आहेत, चितळ आहेत, पण येऊरच्या वाटेवर तुला सांबर सापडेपर्यंत तुझं विमान सुटेल. म्हैस मात्र काळी, ओली, मोठी, माश्यांनी वेढलेली आणि सतत कान हलवणारी आहे. मूसच्या फोटोतली प्रत्येक अडचण तबेल्यात फुकट उपलब्ध आहे. भय्याजींना विचारून सकाळी धुण्याच्या वेळी जा, चार फोटो त्यांचेही काढून दे.

काय शिकायचं ते सांगते. कॅमेरा समोरच्या सगळ्याला मध्यम करड्या रंगाचं समजतो. काळ्या म्हशीने चौकट भरली की तो बिचारा उजळ करत सुटतो, म्हैस राखाडी होते आणि मागचं आकाश जळतं. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली आण (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, वर म्हणजे दुप्पट). उलट मागे चमकतं पाणी असेल आणि म्हैस चौकटीत लहान असेल, तर कॅमेरा सगळं अंधारतो आणि तुझा तो गठ्ठा तयार होतो. तिथे पाऊण स्टॉप वर जा. दोन्ही करून घरी मोठ्या पडद्यावर बघ. मग डोळ्यातला ठिपका शोध. काळ्या चेहऱ्यात काळा डोळा असतो, त्यात उजेडाचा एक बारीक ठिपका आला तरच प्राणी जिवंत दिसतो. त्यासाठी सूर्य किंवा उजळ आकाश तुझ्या पाठीमागे हवं, आणि प्राण्याचं तोंड किंचित तुझ्याकडे.

शटरचा वेग उभ्या प्राण्याला १/५०० सेकंद पुरे. पण म्हैस कान झाडते तेव्हा १/१००० लागतो, मूस मान झटकून पाणी उडवतो तेव्हा १/१६०० ठेव. फोकसचा एकच बिंदू निवडून डोळ्यावर ठेव, पसरट क्षेत्र दिलंस तर ऑटोफोकस माश्यांच्या मागे धावतो. आणि बसून काढ. उभ्याने, वरून काढलेली म्हैस बुटकी दिसते. मूसच्या बाबतीत ही अडचण येणार नाही, त्याचा खांदाच सहा फुटांवर असतो.

मी आजी. नेरूळला राहते. जूनमध्ये सून, मुलगा आणि चार वर्षांचा नातू यांच्याबरोबर ॲल्गॉन्क्विनला जाणार आहे. मूस म्हणजे शेवटी मोठं हरीणच ना, की बाळाला घेऊन जायला भीती आहे? आणि बाळाला ते औषध चालेल का?
— नेरूळ

औषधाचं आधी. तिथल्या सरकारी सल्ल्यानुसार इकॅरिडिन सहा महिन्यांच्या वरच्या बाळांना चालतं. डीट घेतलंत तर दोन ते बारा वर्षांच्या मुलांना १० टक्क्यांपर्यंतचंच, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. मुलाच्या हातांच्या पंजाला लावू नका, ते तोंडात जातात. तोंडाला फवारा मारू नका, आपल्या हातावर घेऊन पुसा. घरी आल्यावर आंघोळ घाला. माश्या चावून डोळा सुजला तर घाबरू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा, पण सूज पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

आता हरणाबद्दल, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. हरणांच्या कुळातलं आहे हे खरं, पण मोठा नर चारशे-पाचशे किलोंचा असतो आणि ताशी ५० किलोमीटरच्या वर पळतो. मेअखेर-जूनमध्ये माद्या नुकत्या व्यायलेल्या असतात. तांबूस रंगाचं एकटं पिल्लू गवतात दिसलं आणि नातू म्हणाला, आजी बघ बाळ, तर पुढे जाऊ नका. आई जवळच असते आणि ती पुढच्या पायांनी मारते. कॅनडाची राष्ट्रीय उद्यानं मूसपासून किमान ३० मीटर लांब राहा सांगतात, अस्वल-लांडग्यांपासून १००. ॲल्गॉन्क्विन प्रांताचं आहे, राष्ट्रीय नाही, पण मीटर तेच धरा. पिल्लू असेल तर दुप्पट.

तिचे कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले, ती ओठ चाटू लागली, की तिचा निर्णय होत आलेला आहे. तुमचाही व्हायला हवा. अस्वलापुढे पळू नये म्हणतात, मूसपुढे मात्र पळावं आणि जाड झाडामागे किंवा गाडीमागे जावं. पण मुळात चार वर्षांच्या मुलाला घेऊन खाली उतरायचंच कशाला? गाडी पूर्ण डांबराबाहेर घ्या, धोक्याचे दिवे लावा, इंजिन बंद करा, काच अर्धी खाली करा. काचेच्या कडेवर तांदळाने भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. हात हलत नाही, नातू आत सुरक्षित, आणि आत आलेल्या माश्या काचेवर चढून बसतात हे वर सांगितलंच आहे.

मुलाला एक निरोप द्या. अंधार पडल्यावर त्या रस्त्याने जपून हाका. मूस काळा आणि उंच असतो, दिव्यांच्या झोतात फक्त त्याचे पाय येतात आणि डोळे झोताच्या वर राहतात. धडक बसली की गाडी पाय उडवते आणि धड काचेवर येतं.

तिकडून आल्यावर अंगावर गोचीड सापडली तर?
— कळवा

रॉकेल, काडी, खोबरेल तेल, नेलपेंट यातलं काहीही लावू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. जागा साबणाने धुवा. ओंटारिओत काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम आजार होतो, पण त्यासाठी ती बहुधा दिवसभर तरी चिकटून राहावी लागते. म्हणून रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू तपासायची. तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत वर्तुळासारखा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. मूसच्या अंगावर हजारोंनी असतात त्या हिवाळी गोचिडी वेगळ्या, त्यांचा माणसाला सहसा त्रास नाही. मूसचा मात्र त्या जीव घेतात.

आपल्याकडे गोचीड म्हणजे गुरांची असं समजणाऱ्यांसाठी: सिंधुदुर्गात माकडताप गोचिडीनेच पसरतो. हा तपासणीचा नियम दोडामार्गच्या जंगलातही पाळा.

परदेशी मूसचं कौतुक पुरे. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो आहेत, तिथले डास काय कमी आहेत?
— वाशी

मान्य. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, आणि ऐरोलीच्या केंद्रातून भरती बघून बोट सुटते. बोट चालू असेपर्यंत वाऱ्यामुळे डास नसतात, थांबली की खारफुटीतून येतात. वरची सगळी कपड्यांची तयारी तिथे तशीच चालते. हिवाळ्यापासून मेपर्यंत कधीही जा. बोटीत जाळीची टोपी घातलेली बाई दिसली तर ती मीच असेन, हाक मारा.

मूसच्या फोटोतल्या माश्या मी ॲपने पुसून टाकल्या. आता फोटो एकदम स्वच्छ झालाय. स्पर्धेला पाठवू का?
— माजिवडा

स्पर्धेचे नियम वाचा. वन्यजीव छायाचित्रांच्या बहुतेक स्पर्धांत काही पुसलं किंवा घातलं तर प्रवेशिका बाद होते आणि मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली हात न लावलेली फाइल मागतात.

पण नियम नसता तरी मी पाठवू नका म्हटलं असतं. तुमचे दोन्ही फोटो बघितले. पहिल्यात नर पाण्यात पोटापर्यंत उभा आहे, मान वाकडी करून कान मागे फेकलाय, मखमली शिंगांच्या बुंध्याशी माश्यांचा थर आहे आणि ऊन मागून आल्यामुळे हवेतली एकेक माशी सोन्याच्या कणासारखी पेटली आहे. दुसऱ्यात तोच प्राणी विनाकारण मान वाकडी करून उभा आहे. मखमलीच्या सालीत रक्त वाहत असतं म्हणून माश्या तिथे तुटून पडतात, आणि त्यांना चुकवायलाही तो इतक्या खोल पाण्यात जातो. तुम्ही कारण पुसलंत आणि परिणाम ठेवलात. पहिला पाठवा. फक्त डाव्या कोपऱ्यातला तो करडा डाग गेला तर बरं, म्हणून चौकट तिथून थोडी आत कापा, तेवढं बहुतेक ठिकाणी चालतं.

पुढच्या महिन्याचा विषय: पावसाळ्यात लेन्सला धरणारी बुरशी. पत्रं पंधरा तारखेच्या आत पाठवा. लेन्सचं नाव आणि ती घरात कुठे ठेवता ते नक्की लिहा, कपड्यांच्या कपाटात ठेवत असाल तर तेही.